गाठ क्षयाशी आहे

चिक्कडपल्लीत दवाखाना थाटून मला अठ्ठावीस वर्षे झाली. सिटी सेंट्रल लायब्ररी आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. सकाळी फाटक उघडायच्या आधीच तिथे पोरांची रांग लागलेली असते. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, काखेत चालू घडामोडींचे पुस्तक. ग्रुप वन, ग्रुप टू, पोलीस भरती, बँका. परीक्षा संपत नाहीत आणि पोरेही संपत नाहीत. लायब्ररी बंद झाली की ही मुले अशोकनगरच्या हॉस्टेलात परततात. एका खोलीत चार-पाच खाटा, खिडकी एक, आणि तिच्यात बहुतेक वेळा कूलर बसवलेला. दुपारी मेसचा भात, रात्री पैसे उरले तर मिरची-बज्जी. यांत आदिलाबादकडची, नांदेड-देगलूरकडची मराठी मुलेही असतात. पाटीवरचे आडनाव वाचून ती माझ्याकडे येतात आणि दुसऱ्या वाक्याला मला ‘काकू’ म्हणू लागतात.

अशाच एकाचा खोकला दीड महिना हटत नव्हता. औषधाच्या दुकानातून तीनदा गोळ्या आणून खाऊन झाल्या होत्या. संध्याकाळी कणकण, पँट कमरेवरून घसरू लागलेली. कफ तपासला, क्षय निघाला. पोराने आधी तेच म्हटले जे सगळे म्हणतात, “काकू, घरी कळवू नका.” मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, “आम्ही पाच जण एका खोलीत झोपतो. एकाच डब्यातलं खातो. मग मलाच का?”

हॉस्टेलच्या मालकाने त्याला दोन दिवसांत खोली सोडायला लावली. त्याची नोंद त्याच्या गावच्या केंद्राकडे वळवून घेतली आणि पुढचे सहा महिने त्याने तिकडेच औषध घेतले. चार सोबत्यांना तपासले, चौघेही ठणठणीत. तेव्हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. क्षयाचा जंतू श्वासाबरोबर आत गेलेल्या शंभर माणसांपैकी आयुष्यभरात सुमारे पाच ते दहा जणांनाच रोग होतो. बाकीच्यांचे शरीर काहीतरी करते आणि ते निभावून नेते. थेऊरला १७७२ साली माधवराव पेशवे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी राजयक्ष्म्याने गेले. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अवतीभवती वावरणारी कितीतरी माणसे मात्र म्हातारी होऊन गेली. ‘मलाच का’ या प्रश्नाला तेव्हा दैव हे एकच उत्तर होते.

आज जे थोडेफार उत्तर आहे त्यातला मोठा वाटा एका डॉक्टरबाईंचा आहे, आणि त्या माझ्या माहेरच्या, बडोद्याच्या. म्हणून त्यांच्याविषयी आपल्या अंकात लिहावे असे फार दिवस मनात होते. सयाजीरावांच्या राज्यात जाऊन तिथलीच झालेली जी मराठी घरे, त्यांतले आमचे एक. डॉ. ललिता रामकृष्णन यांच्या घरची भाषा तमीळ. पण बडोदा हे गावच असे की तिथे गुजराती, मराठी, तमीळ सगळे एकमेकांच्या ओट्यावर वाढतात. मी बडोदा मेडिकल कॉलेजात पाऊल टाकले तेव्हा त्या तिथून शिकून केव्हाच अमेरिकेला गेल्या होत्या. आमची ओळख नाही. पण त्याच कॉलेजातून, त्याच सयाजी हॉस्पिटलच्या वॉर्डांतून त्या गेल्या, हे मनाला जवळचे वाटते खरे.

त्यांचा जन्म १९५९ चा. वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला. आई राजलक्ष्मी याही संशोधक. आहार आणि पोषण हा त्यांचा विषय. थोरला भाऊ वेंकी, ज्याला २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लोक ललिताबाईंची ओळख अजूनही ‘नोबेलवाल्यांची बहीण’ अशी करून देतात, याचा मला राग येतो. असो.

डॉक्टरकी झाल्यावर त्या अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात गेल्या आणि प्रतिकारशास्त्रात पीएच.डी. केली. तेवढ्यावर न थांबता पुन्हा रुग्णालयात उभ्या राहिल्या, रेसिडेन्सी केली आणि सॅन फ्रान्सिस्कोला संसर्गजन्य रोगांचे विशेष शिक्षण घेतले. मग स्टॅनफर्डला स्टॅन्ली फाल्को यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. फाल्को हे जंतूच्या बाजूने विचार करायला शिकवणारे गुरू म्हणून नावाजलेले. रोगी, प्रतिकारशक्ती आणि जंतू या तिन्ही बाजू एका माणसाने शिकून घेणे आपल्याकडे तरी विरळाच. आपल्याकडे एम.डी. झालेला प्रयोगशाळेत जात नाही आणि प्रयोगशाळेतल्याने वॉर्ड पाहिलेला नसतो.

क्षयावर काम करायचे तर पहिली अडचण जंतूचीच. तो दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो, तबकडीवर दिसायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि हवेतून पसरत असल्याने त्याच्यासाठी खास बंदिस्त प्रयोगशाळा लागते. ललिताबाईंनी त्याचा चुलत भाऊ निवडला, मायकोबॅक्टेरियम मरिनम. हा मासे आणि बेडकांना क्षयासारखा रोग देतो. माणसाला दिलाच तर हाताच्या कातडीवर गाठ आणतो. घरात मत्स्यटाकी पाळणाऱ्यांना कधीमधी होते ती. हवेतून पसरत नाही, वाढतोही भराभर. आधी त्यांनी बेडकांवर काम केले, मग झेब्रा माशाकडे वळल्या.

हा मासा आपल्याच देशाचा. अंगठ्याच्या पेराएवढा, अंगावर निळसर पट्टे. गंगेतल्या माशांचे वर्णन करणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले की काही दिवस काचेसारखे आरपार दिसते. चमकणारे जंतू त्याच्या अंगात सोडायचे, पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि आत काय चालले आहे ते जिवंतपणी, तासन् तास बघत बसायचे. मला आठवते, कॉलेजात आम्ही क्षयाची गाठ पाहिली ती मेलेल्या माणसाच्या फुप्फुसातली, रंगवून काचेवर चिकटवलेली. तो युद्ध संपल्यानंतरचा फोटो होता. कोण आधी आले, कोणी कोणाला मारले, हे फोटोवरून कसे कळावे?

गाठ हा क्षयातला कळीचा शब्द. जंतू फुप्फुसात शिरला की शरीरातल्या महाभक्षी पेशी त्याला गिळतात. पण हा पचत नाही. मग आणखी पेशी येतात, त्याच्याभोवती दाटीवाटीने बसतात आणि गाठ तयार होते. आम्हाला शिकवले होते की ही शरीराने बांधलेली तटबंदी. जंतू आत कोंडला गेला, माणूस वाचला. शंभर वर्षे वैद्यकाची पुस्तके हेच सांगत होती.

ललिताबाईंच्या माशांनी वेगळेच दाखवले. पहिले म्हणजे, या पिल्लांत त्या वयात प्रतिकारशक्तीचे नुसते पहिले दळ असते. शिकून-सवरून येणाऱ्या टी पेशी अजून तयारच झालेल्या नसतात. तरी गाठ बांधायला सुरुवात होते. हे २००२ मध्ये छापून आले. म्हणजे गाठीची पायाभरणी महाभक्षी पेशी एकट्याच करतात. दुसरी गोष्ट अधिक धक्कादायक होती. २००९ मध्ये डेव्हिस या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवले की सुरुवातीच्या दिवसांत गाठ जंतूच्या सोयीची असते. जंतूने भरलेली पेशी मरते, तिला गिळायला ताज्या पेशी धावत येतात, एकीतले जंतू अनेकींत जातात. त्यांतल्या काही गाठीतून निघून दुसरीकडे जातात आणि तिथे नवी गाठ बांधतात. शरीराला वाटते आपण शत्रूला कोंडतो आहोत, आणि प्रत्यक्षात आपण त्याला घर आणि गाडी दोन्ही पुरवत असतो.

हैदराबादकरांना यासाठी फार लांबचा दाखला नको. गोवळकोंड्याचा तट औरंगजेबाच्या तोफांनी पडला नाही. आठ महिने वेढा चालला आणि १६८७ मध्ये दार आतून उघडले गेले.

आणि हे दार उघडवून घेण्याची किल्ली जंतूकडे असते. त्याच्या जनुकांत आरडी-१ नावाचा एक तुकडा आहे. त्याच्या जोरावर तो काही प्रथिने बाहेर सोडतो. त्यांतले एक प्रथिन आजूबाजूच्या पेशींना चिथावते आणि त्या महाभक्षी पेशींना आमंत्रण धाडतात. हा तुकडा नसलेला जंतू माशात सोडला तर गाठी नीट होत नाहीत आणि जंतूही फारसा वाढत नाही. आता गंमत बघा. कालमेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी गाईच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून निवळवला आणि त्यातून बीसीजी लस केली. १९२१ मध्ये ती पहिल्यांदा दिली गेली. तो निवळला कशाने, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुष्कळ पुढे कळले की त्या तेरा वर्षांत त्याच्याकडून हाच तुकडा गळून पडला होता. आपल्या सगळ्यांच्या दंडावर जो वण आहे, तो किल्ली हरवलेल्या जंतूचा.

ती हरवलेली किल्ली आज दुसऱ्या कामी येते. जुन्या मँटू चाचणीची पंचाईत अशी की बीसीजी घेतलेल्याचाही हात लाल होऊ शकतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी नावाची नवी चाचणी या आरडी-१ तुकड्यातलीच प्रथिने वापरते. बीसीजीत ती नाहीतच, त्यामुळे लशीचा हात आणि खऱ्या लागणीचा हात वेगळा ओळखता येतो.

पण मूळ प्रश्न राहिलाच, एकाला होतो आणि दुसऱ्याला नाही. ललिताबाईंच्या प्रयोगशाळेने, तेव्हा त्या सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होत्या, जनुकांत बदल झालेले मासे तपासायला घेतले आणि जे लवकर दगावतात ते बाजूला काढले. त्यातून एलटीए४एच नावाचे जनुक पुढे आले. हे जनुक प्रतिकाराची आच कमी-जास्त करते. २०१० मध्ये कळले की आच कमी पडली तर महाभक्षी पेशी जंतूला मारू शकत नाहीत. इथवर अपेक्षेप्रमाणेच. २०१२ मध्ये कळले की आच फार झाली तरी मासा मरतो, कारण पेशी स्वतःच फुटतात आणि जंतू बाहेर पडून मोकळा वाढतो. आच कमी तर पोळी कच्ची, जास्त तर करपलेली. उपाशी दोन्हीकडून राहायचे.

आम्हा डॉक्टरांना हे ऐकून अडखळायला होते, कारण ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सध्याचा मंत्र आहे. करोनानंतर तर काढे, गोळ्या, पावडरी, सगळ्यांवर तेच लिहिलेले. क्षयात निदान काही जणांचे दुखणे प्रतिकार जास्त झाल्याचे असते. ते कोणते, हे ओळखल्याशिवाय वाढवून काय करणार?

मेंदूच्या आवरणाच्या क्षयात हा प्रश्न जिवावरचा होतो. या रोगात जंतू मारणाऱ्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, सूज उतरावी म्हणून. काहींना त्याने जीवदान मिळते, काहींना काडीचा उपयोग होत नाही. व्हिएतनाममधल्या रुग्णांची जनुके तपासल्यावर ललिताबाईंच्या गटाला दिसले की स्टिरॉइडचा फायदा मुख्यतः जात्याच जास्त आच असलेल्यांना झाला होता. माशात दिसलेली गोष्ट माणसात जशीच्या तशी! मी तो लेख वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पुढे इंडोनेशियातल्या मोठ्या रुग्णगटात मात्र तसा संबंध दिसला नाही, हेही सांगायला हवे. माणूस हा मासा नव्हे. त्याचे कुपोषण, तो दवाखान्यात किती उशिरा पोचला, त्याला आणखी काय काय झाले आहे, हे सगळे मधे येते. म्हणून मला त्या कामाची किंमत कमी वाटत नाही. सगळ्यांना एकच औषध एकाच मापाने, या आमच्या सवयीला त्याने पहिल्यांदा धक्का दिला.

त्यांच्या बाकीच्या कामातल्या दोन गोष्टी दवाखान्यात रोज उपयोगी पडतात, म्हणून थोडक्यात. औषध सहा महिने का, असे प्रत्येक जण विचारतो. त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की महाभक्षी पेशीच्या पोटात गेलेला जंतू औषध बाहेर फेकणारे पंप चालू करतो आणि त्यामुळे औषधाला दाद देईनासा होतो. सहा महिन्यांच्या कारणांपैकी हे एक असावे. दुसरी गोष्ट सिगारेटची. २०१६ मध्ये त्यांनी दाखवले की पचनयंत्रणा तुंबलेल्या महाभक्षी पेशी जड होतात आणि नव्या लागणीकडे धावूच शकत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या पेशी धुराच्या कणांनी अशाच तुंबलेल्या सापडल्या. आरटीसी क्रॉसरोडच्या चहाच्या टपरीवर इराणी चहाबरोबर ओढली जाणारी एकेक सिगारेट पाहिली की मला त्या कचऱ्याने फुगलेल्या पेशी दिसतात. पोरांना सांगते. पोरे हसतात.

२०१४ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने आणि २०१८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. या मानापेक्षा त्याच सुमारास त्यांनी घातलेला एक वाद मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो सरळ आपल्या घरात येतो.

आमच्याच गल्लीतले एक मराठी कुटुंब. घरात मावशींना क्षय झाला. नियमाप्रमाणे घरच्या सगळ्यांना तपासले. पंचवीस वर्षांच्या भाचीची चाचणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, ताप नाही, वजन उत्तम. म्हणजे जंतूची लागण झालेली, रोग नाही. ती कोणाला काही देऊ शकत नाही. पण मुलीचे लग्न ठरलेले. आई दार लावून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “बाई, हे हिच्या अंगात जन्मभर राहणार का? मुलाकडच्यांना मी काय सांगू?”

पुस्तकी उत्तर होते, हो, राहणार. लागण एकदा झाली की जंतू शरीरात दबा धरून जन्मभर बसतो आणि संधी मिळताच उठतो, असे आम्ही पिढ्यान् पिढ्या शिकलो. जगाची चौथाई लोकसंख्या असा जंतू बाळगून आहे, हे वाक्य याच समजुतीवर उभे आहे. २०१८ मध्ये मार्सेल बेहर, पॉल एडलस्टाइन आणि ललिता रामकृष्णन या तिघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुने कागद पुन्हा उलगडले. त्यांत दिसले की ज्यांना रोग व्हायचा त्यांतल्या बहुतेकांना तो लागण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत होतो, पुष्कळदा काही महिन्यांतच. नंतर होणारे थोडे. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुढचे पाऊल टाकले. चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या ज्या लोकांची प्रतिकारशक्ती पुढे एचआयव्हीने किंवा अवयव-रोपणाच्या औषधांनी ढासळली, त्यांतल्याही बहुसंख्यांना क्षय झाला नाही. आत जंतू खरेच दबा धरून बसला असता तर पहारा उठल्यावर तो बाहेर आला असता. जुन्या चाचण्यांत असेही आढळले होते की प्रतिबंधक औषधाने माणूस रोगापासून वाचतो, तरी त्याचा हात पुढे वर्षानुवर्षे लाल होतच राहतो. तेव्हा पॉझिटिव्ह चाचणी ही जंतूची हजेरी नसून बऱ्याचदा नुसती आठवण असते. चोर येऊन गेला, कुत्रा अजून भुंकतो आहे.

सगळ्यांना हे पटलेले नाही. दबलेला जंतू वर्षांनी उठतो अशी माणसेही आम्ही पाहिली आहेत, आणि कोण त्यातला हे आधी सांगणारी चाचणी अजून नाही. पण त्या आईला द्यायचे उत्तर बदलले. मी म्हटले, “हिची लागण ताजी आहे. म्हणजे धोका असेल तर तो या दोन वर्षांत जास्त. म्हणून औषध आत्ताच घ्यायचं, रोग नसताना. नंतर भिऊन राहायचं कारण नाही. मुलाकडच्यांना सांगायचं की मावशींना टीबी झाला होता, त्या बऱ्या झाल्या, आणि हिनं खबरदारीचं औषध घेतलं.”

“असं उघड सांगू?”

“मावशींचं त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा तुम्ही सांगा.”

या घरात खायला-प्यायला कमी नव्हते. जिथे असते तिथली गोष्ट निराळी. ललिताबाईंच्या आईंनी ज्या विषयात आयुष्य घालवले, त्या पोषणाचा आणि क्षयाचा संबंध डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव या दांपत्याने झारखंडमध्ये मोजून दाखवला. क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांना त्यांनी या अभ्यासात घेतले. अर्ध्या घरांत घरच्या माणसांनाही शिधा दिला, बाकीच्या घरांत फक्त रुग्णाला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. जिथे सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा, पसरणारा क्षय ४८ टक्क्यांनी. धान्य आणि डाळ! बीसीजी लस मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला आवरत नाही, हे चिंगलपेटच्या भल्या मोठ्या चाचणीत १९७९ मध्येच कळून चुकले होते. तिच्याकडून होत नाही ते डाळतांदळाने केले. सरकार क्षयरोग्याला महिन्याला पाचशे रुपये देत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. घरातल्या इतरांचे पोट मात्र अजून या हिशेबात नीट आलेले नाही. जगातल्या दर चार क्षयरोग्यांत एक भारतीय असताना या हिशेबाला इतका वेळ का लागावा, मला समजत नाही.

लशीचे काय, असे मला मंडळाच्या कोजागिरीला दोघांनी विचारले होते, म्हणून तेही लिहिते. एम७२ नावाच्या लशीने दुसऱ्या टप्प्यात तीन वर्षांत सुमारे ५० टक्के संरक्षण दिले. २०२४ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत तिची तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी सुरू झाली. त्याच महिन्यात आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकने एमटीबीव्हॅक या स्पॅनिश लशीच्या चाचण्या भारतात सुरू केल्याचे जाहीर केले. ही माणसाच्याच क्षयजंतूला निवळवून केलेली. बीसीजी गाईच्या जंतूची होती. एम७२ चाही एक धागा आपल्या गावात आहे. ती दोन प्रथिने जोडून केली आहे, त्यांतले एक पीपीई-१८. सीडीएफडी या हैदराबादच्या संस्थेत, जी आता उप्पलला आहे, संगीता मुखोपाध्याय यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले होते की हेच प्रथिन महाभक्षी पेशींना गुंगवते, त्यांच्याकडून आच कमी करणारे रसायन सोडवून घेते. जंतूचे जे हत्यार, तेच लशीत घालायचे. ते कितपत फळते, हे त्या मोठ्या चाचणीतून दिसेल.

भाचीने औषध घेतले. आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रा. तिने रविवार धरला होता. पहिल्या रविवारी दुपारी आईचा घाबराघुबरा फोन आला, लघवी लाल झाली म्हणून. औषधाच्या रंगाने होते ते. मी आधी सांगितले होते, पण सांगितलेले ऐन वेळी कोणाला आठवते? पुढच्या अकरा रविवारी फोन आला नाही. साखरपुड्याला मावशीही गेल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या. मुलाच्या आजीने त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि सांगितले की १९५८ साली आपण स्वतः अनंतगिरीच्या सॅनेटोरियममध्ये सात महिने होतो, घरात अजून कोणाला सांगितलेले नाही.